बिडाचा ब्लॉक

२३ नोव्हेंबर २०२४, बेज्जूर

रात्री बोलेरो ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली. भाचा कागजनगरहून बाबांची औषधं घेऊन येत होता. पेंचिकलपेट मागे टाकल्यावर जंगलातल्या पट्ट्यात गाडीचा जोर कमी झाला, खडखड सुरू झाली आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. स्टार्टर मारला तर नुसतं ‘टक’. बॉनेट उघडलं तेव्हा रेडिएटरचा खालचा होज क्लॅम्पजवळ फाटलेला दिसला. आत पाण्याचा थेंब नव्हता.

भाचा रडकुंडीला आला होता. ‘मामा, काटा आधी वर चढला. थांबणार होतो, तेवढ्यात सरसर खाली आला. वाटलं, गाडी थंड झाली.’ त्याला कोणी बोलू नये, असं मी घरात सांगून टाकलं. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर बरोबर सांगतो. पाणी वाहून गेलं की त्याच्याभोवती उरते हवा आणि वाफ, मग काटा खाली पडतो. इंजिन सर्वांत जास्त भाजत असतं नेमकं तेव्हाच काटा गाडी थंड असल्याचं दाखवतो. हे गाडी शिकवणारा कोणी सांगत नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोराला ते कुठून ठाऊक असणार?

२४ नोव्हेंबर

सकाळी क्रँकपुलीच्या नटाला पाना लावून इंजिन फिरवून पाहिलं. जड, पण फिरलं. रात्री जाम होतं. याचा अर्थ पिस्टन लायनरमध्ये आवळले गेले होते आणि थंड झाल्यावर सुटले. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम बिडापेक्षा सुमारे दुप्पट फुगतं. पाणी नसलं की दोघांमधली केसाएवढी फट संपते आणि धातूवर धातू घासतो. डिपस्टिक काढली. तेल काळंच आहे, दुधाळ झालेलं नाही. बरं लक्षण. पण एवढ्यावर काही ठरत नाही.

दिवसभर माणसं येऊन गेली आणि प्रत्येकाने सल्ला दिला. एक म्हणाला, भंगारात घाल. दुसरा म्हणाला, नागपूरहून जुनं इंजिन आण, दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. तिसऱ्याच्या मते बांधलेल्या इंजिनात पहिल्यासारखा दम राहत नाही. कोणीही अजून इंजिन आतून पाहिलेलं नाही. मीही नाही.

विम्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरत नाहीत.

२७ नोव्हेंबर, कागजनगर

गाडी छोट्या ट्रकवर चढवून उस्तादांकडे आणली. उस्ताद पूर्वी सिरपूर पेपर मिलमध्ये फिटर होते. २०१४ मध्ये मिल बंद पडली तेव्हा त्यांनी साठवलेल्या पैशांतून लेथ घेतलं आणि वर्कशॉप टाकलं. २०१८ मध्ये जेके पेपरने मिल पुन्हा सुरू केली, पण उस्ताद परत गेले नाहीत. निजामाच्या काळातल्या त्या मिलची यंत्रं त्यांनी वर्षानुवर्षं उघडून, घासून, बुश बदलून चालवली आहेत. त्यामुळे एखादी वस्तू ‘गेली’ असं ते मोजल्याशिवाय म्हणत नाहीत. मला त्यांचं हेच पटतं.

हेड उतरवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधलं गॅस्केट जळून गेलं होतं. हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज घातला, तर मधोमध ०.३० मि.मी.ची पात सहज शिरली. हेड वाकलं आहे. तिसऱ्या आणि चौथ्या लायनरवर उभे ओरखडे आहेत, नखाला लागतात असे. चौथ्या पिस्टनच्या अंगावर धातू माखला आहे. पहिले दोन लायनर मात्र स्वच्छ.

मी विचारलं, ‘किती खर्च येईल?’ उस्ताद म्हणाले, ‘भाऊ, खर्च नंतर. आधी सांगा, होज का फाटला?’

होज मागच्याच वर्षी बदलला होता. त्यांनी तो फाटका तुकडा माझ्या हातात दिला. रबर बाहेरून मऊ, फुगलेलं, बोटाला काळं लागत होतं. मग त्यांनी टायमिंग कव्हरखाली बॅटरी मारून दाखवली. क्रँकचं पुढचं ऑइल सील पाझरत होतं. ते तेल पंख्याच्या वाऱ्याने थेट होजवर उडत होतं. तेलाने रबर सडलं, क्लॅम्पची धार त्यात रुतली आणि खड्ड्याच्या एका दणक्याने होज फाटला. शंभर-दीडशे रुपयांच्या सीलपासून हे सुरू झालं. नवं इंजिन आणून बसवलं असतं आणि जुना रेडिएटर, जुने पाइप तसेच ठेवले असते, तर तेही इंजिन याच वाटेने गेलं असतं. बांधायचं की बदलायचं, हा वाद घालण्याआधी विचारायचा प्रश्न उस्तादांनी विचारला.

१ डिसेंबर

परवा कागजनगर मंडळात कापूस वेचायला गेलेल्या एका तरुणीला वाघाने मारलं. काल सिरपूरच्या बाजूला शेतात आणखी एकावर हल्ला झाला, तो वाचला. आमच्या भागात वाघ नवे नाहीत. ताडोबाकडून निघालेले वाघ प्राणहितेच्या खोऱ्यातून कावलच्या जंगलाकडे सरकतात, आणि आमची शेतं त्या वाटेवर आहेत. पण आता माणसं मोटारसायकलने संध्याकाळचा रस्ता धरायला तयार नाहीत. मजुरांना घोळक्याने न्यायचं, घोळक्याने आणायचं. अशा दिवसांत आमची गाडी कागजनगरला उघडी पडली आहे.

शेजारच्या घरात सातवा महिना भरलेली लेक माहेरी आली आहे. तिच्या आईने विचारलं, ‘दादा, गाडी कधी येईल जी?’ मी तारीख सांगू शकलो नाही. १०८ ची गाडी येते, पण जंगलातल्या रस्त्याला वेळ लागायचा तो लागतो. गाडी विकून मोकळं व्हा म्हणणाऱ्यांनी बेज्जूरमध्ये एक पावसाळा काढून पाहावा.

३ डिसेंबर, चंद्रपूर

सकाळच्या गाडीने बल्लारशाह, तिथून चंद्रपूर. अहेरीहून भाऊजी आले होते. त्यांच्या ओळखीने जुनी इंजिनं विकणाऱ्याकडे गेलो. शेडमध्ये ओळीने इंजिनं ठेवलेली, काहींवर ताजा चंदेरी रंग. विकणारा म्हणाला, ‘चालू गाडीतून उतरवलंय, डोळे झाकून न्या.’ मागितले सत्तर हजार. बसवण्याचा खर्च वेगळा.

मी डोळे उघडे ठेवले. ऑइलचं झाकण उघडलं: आत काळा घट्ट गाळ. नोझल काढून भोकातून बॅटरी मारली: एका पिस्टनच्या डोक्यावर गंज. म्हणजे इंजिन बराच काळ उघड्यावर पडून होतं आणि आत पाणी गेलं होतं. क्रँक पुढे-मागे ढकलून पाहिला तर हाताला खेळ जाणवला. कॉम्प्रेशन मोजून देता का, असं विचारलं. स्टँडवर चालवून दाखवायची सोय नाही म्हणाला. शेवटी इंजिन नंबरची जागा पाहिली. तिथे ग्राइंडर फिरवलेला होता.

भाऊजी म्हणाले, ‘चला.’ आम्ही चहासुद्धा घेतला नाही.

सगळेच विक्रेते असे नसतात. अपघातात मागून चेपलेल्या गाडीचं इंजिन कागदांसकट मिळालं, कॉम्प्रेशन मोजून मिळालं, तर ते घेण्यात शहाणपण आहे. पण असं इंजिन आपल्याला हवं तेव्हा हवं त्या मॉडेलचं मिळणं हा नशिबाचा भाग. आणि ज्याचा इतिहास ठाऊक नाही ते इंजिन शेवटी उघडावंच लागतं. मग सत्तर हजार देऊन दुसऱ्याचं दुखणं का विकत घ्यायचं? आपल्या इंजिनाचं तेल कधी बदललं, त्याने कधी काय खाल्लं, हे सगळं या वहीत आहे.

४ डिसेंबर

आज कागदपत्रं काढून बसलो. गाडी २००९ ची, एपी ०१, म्हणजे जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या काळातली. पंधरा वर्षं पुरी झाली म्हणून यंदाच नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. आरसीवर चेसिस नंबर आहे तसाच इंजिन नंबरही आहे. इंजिन बदललं की ती नोंद बदलावी लागते. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आधी मंजुरी घ्यायची. मंजुरीविना इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचं. बाजारात हे कोणी सांगत नाही. नंबर घासलेलं इंजिन आपल्या चेसिसवर बसलं तर पुढे गाडी विकताना, विमा मागताना किंवा चौकीवर तपासणी झाली तर उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल. इंजिन चोरीच्या गाडीचं असलं तर मग बोलायलाच नको.

एकाने आणखी एक वाट सुचवली होती: नव्या बोलेरोचं कॉमन रेल इंजिन बसवा, ॲव्हरेज वाढेल. त्यासोबत वायरिंग, कॉम्प्युटर, पेडलचा सेन्सर, डिझेलची वेगळी लाइन, सगळंच आणावं लागतं, आणि बिघडलं की स्कॅनरवाला शोधत फिरायचं. आमच्या गाडीचा डिझेल पंप साधा, यांत्रिक. तार तुटून इंजिन बंद पडलं, असं त्यात फारसं होतच नाही. ही वाट मी लगेच सोडली.

७ डिसेंबर, कागजनगर

आज निकाल लागला.

उस्तादांनी ब्लॉक पूर्ण उघडून रॉकेलने धुतला. मग दोन सिलिंडरच्या मधल्या भागावर आणि बोल्टच्या भोकांभोवती रॉकेल चोळलं, पुसून कोरडं केलं, वर खडूची भुकटी चोळली आणि आम्ही जेवायला गेलो. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटवतं. परत आलो तेव्हा खडू कोरडा होता. हेडवर व्हॉल्वसीटांच्या मधे हीच परीक्षा केली. तिथेही रेघ नाही. तरी हेड बल्लारपूरला गरम पाण्याच्या दाबाखाली तपासून घ्यायचं ठरलं, कारण काही तडे तापल्यावरच तोंड उघडतात.

क्रँक मायक्रोमीटरने मोजला. प्रत्येक जर्नल दोन दिशांनी मोजायचा. फरक आला तर गोलाई गेली. चौथ्या बिग-एंडवर थोडा फरक आहे, बाकी चांगले. क्रँक पूर्वी कधीच घासलेला नाही, कंपनी साइजवर आहे. दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासून पहिल्या अंडरसाइजची बेअरिंगं बसवली की झालं, आणि पुढे कधी गरज पडली तर आणखी घासायला जागा उरते. कनेक्टिंग रॉड सरळ आहेत.

उस्ताद म्हणाले, ‘बीड शाबूत आहे. आता तुम्ही ठरवा.’

मग आम्ही कागदावर मांडणी केली. चार लायनर-पिस्टनचा सेट, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट सेट, ऑइल पंप, वॉटर पंप, सगळे होज आणि सील, हेडचं फेसिंग, व्हॉल्वचं काम, क्रँक घासणं, नोझल कॅलिब्रेशन, मजुरी: सगळं मिळून पासष्ट हजारांच्या आत. जुनं इंजिन सत्तर हजार, बसवणं वेगळं, आरसीची धावपळ वेगळी, आत काय आहे ते देव जाणे. कारखान्यातून बांधून आलेलं इंजिन याच्या दुपटीवर जातं. गाडी आहे तशी विकली तर लाखभरही हाती येणार नाही, आणि तेवढ्यात यापेक्षा चांगली गाडी मिळत नाही.

कापूस महामंडळाचा (सीसीआय) यंदाचा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला ७,५२१ रुपये क्विंटल. म्हणजे साधारण पावणेनऊ क्विंटल कापूस या इंजिनात जाणार. आमच्यासारख्यांना हा आकडा रुपयांपेक्षा जास्त कळतो. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, म्हणून कापूस अंगणात वाळत घातलाय.

हिला फोन केला. ती म्हणाली, ‘आपलंच इंजिन बांधा. त्याचं काय दुखतं ते आता कळलंय ना?’ निर्णय झाला.

ब्लॉकला तडा निघाला असता किंवा रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असता, तर मी एका मिनिटात बदलायचं म्हटलं असतं. फुटलेलं बीड डाग देऊन सांधायचे प्रयत्न खूप पाहिले आहेत. ते वर्षभराच्या पलीकडे गेलेलं एकही मला ठाऊक नाही.

१३ डिसेंबर

हेड बल्लारपूरहून आलं. दाबाखाली गळती नाही. सरळ करायला जेवढं घासावं लागलं तेवढंच घासलं. जास्त घासलं तर व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतात, म्हणून हेडची उरलेली जाडी मोजून वहीत लिहिली.

लायनर बसवताना उस्तादांनी एक गोष्ट दाखवली, ती मला फार आवडली. या इंजिनाचा बोअर ८८.९ मि.मी., स्ट्रोक १०१.६ मि.मी., एकूण २,५२३ सीसी. हे विचित्र आकडे कुठले? इंचात मोजा: बरोबर साडेतीन आणि चार. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटनमधल्या ट्रॅक्टर-इंजिनाचा हा वंश. १९६३ मध्ये त्या कंपनीबरोबर भागीदारी करून महिंद्राने आपल्याकडे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि पुढे त्याच घराण्याचं डिझेल इंजिन जीप-बोलेरोत आलं. शेतात दिवसभर ओझं ओढायला घडवलेलं इंजिन आहे हे. ते उघडून पुन्हा बांधता यावं म्हणून त्याचे लायनर बदलता येतात आणि बेअरिंगं अंडरसाइजमध्ये मिळतात. बांधण्याची सोय या इंजिनाच्या घडणीतच आहे. आजच्या कित्येक गाड्यांत ती ठेवलेलीच नाही, आणि त्या घेणाऱ्या माणसाला हे दुकानात कोणी सांगत नाही याचा मला राग येतो.

एसटीच्या कार्यशाळांत बांधणं आणि बदलणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालतात. बंद पडलेल्या बसमध्ये आधीच बांधून ठेवलेलं इंजिन चढवतात, बस रस्त्यावर जाते आणि उतरवलेलं इंजिन सावकाश बांधून पुढच्या बससाठी ठेवतात. एकाच गाडीच्या मालकाला ते परवडत नाही. त्याला गाडी उभी राहण्याचे दिवस सोसावे लागतात. पण एका तालुक्यातल्या दहा-पंधरा जीपवाल्यांनी मिळून एक बांधलेलं इंजिन उस्तादांकडे ठेवलं तर? कागदाची अडचण आहे, नोंदणी कार्यालयाला विचारावं लागेल. तरी हा विचार सोडून देण्यासारखा नाही.

२१ डिसेंबर, कागजनगर

आज इंजिन बांधलं. मी दिवसभर उभा होतो. रिंगांची तोंडं एकावर एक येऊ न देता वेगवेगळ्या दिशांना फिरवली. बेअरिंगच्या टोप्या नंबर पाहूनच बसवल्या. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत, टॉर्कपान्याने आवळले. एका तरुण कारागिराने घाईत साध्या पान्याने आवळायला घेतलं तेव्हा उस्तादांनी त्याच्या हातातून पाना काढून घेतला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.

रेडिएटर उघडून गज मारून साफ केला, टोपी नवी, थर्मोस्टॅट नवा. क्रँकचं पुढचं सील तर सर्वांत आधी. भाच्याने एक वेगळा सेन्सर मागवला आहे. तो पाण्यात न राहता हेडच्या बोल्टखाली धातूला चिकटून बसतो, त्यामुळे पाणी संपलं तरी तापमान खरं सांगतो आणि ठरवलेल्या आकड्याला बझर वाजवतो. त्याने स्वतः तो बसवला, वायर नीट पाइपातून घेतली.

२३ डिसेंबर

इंजिन चालू झालं. आधी पंप बंद ठेवून स्टार्टरने तेलाचा दाब आणला, मग डिझेल सोडलं. थोडा पांढरा धूर, मग साफ. ब्रीदरवर हात ठेवला तर वाफ अगदी कमी. उस्तादांनी दिवसभर नुसतं आयडलवर ठेवायला मनाई केली. बरेच जण तसं करतात. त्याने रिंगा बसत नाहीत आणि लायनर गुळगुळीत होऊन तेल वर चढतं. हलक्या ओझ्याने, वेग कमी-जास्त करत चालवायची, चढावर वरच्या गिअरमध्ये कण्हायला लावायची नाही. पहिल्या पाचशे किलोमीटरला तेल बदल आणि हेडचे बोल्ट, टॅपेट यांची पुन्हा तपासणी.

संध्याकाळी उजेड असतानाच बेज्जूरला पोहोचलो. भाचा चालवत होता.

८ जानेवारी २०२५

पाचशे किलोमीटर झाले. तेल काढलं, तळाशी चुंबक फिरवून पाहिला, बारीक चुरा आहे, नव्या बांधणीत असतो तेवढाच. कण नाहीत. दोन बोल्ट किंचित सैल झाले होते, आवळले. तेलाची पातळी जिथल्या तिथे, पाण्याची पातळी जिथल्या तिथे, टायमिंग कव्हर कोरडं. शेजारच्या लेकीला दोनदा तपासणीला नेऊन आणलं.

एकूण खर्च ६३,४०० रुपये. क्रँक पुढे आणखी घासता येईल, लायनर पुन्हा बदलता येतील. हेड मात्र आता घासता येणार नाही, त्याची जाडी शेवटच्या मापाला आली आहे. पुढे कधी हेड वाकलं तर नवंच घ्यायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर भाच्यासाठी लिहून ठेवलं आहे.